काऊन कमी, ते लिवा

उत्तरांचा गठ्ठा समोर आला की बाई आधी पेन बंद करून बाजूला ठेवायच्या. मग पर्समधून पेन्सिल काढायच्या, तिचं टोक अंगठ्यावर टेकवून बघायच्या आणि वरच्या पाच वह्या नुसत्या वाचून काढायच्या. खूण नाही, मार्क नाही. पाच वाचून झाल्या की पुन्हा पहिलीवर यायच्या, आणि मग कुठे तपासायला सुरुवात.

मी तिथे नवा होतो. पहिल्याच रविवारी त्यांना विचारलं, "बाई, असा दुप्पट वेळ का घालवता?"

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पह्यली वही हातात घेतो तवा बाकीच्यांनी कसं लिवलं हे आपल्याले मालूम राह्यते का? नाही ना? मंग ते बिचारी पह्यली वही फुकट मरते."

ही गोष्ट आदिलाबादची. जिल्हा तेव्हा अखंड होता आणि राज्य आंध्र प्रदेश होतं. सरकारी कॉलेजच्या दोन खोल्या रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राला मिळायच्या. आठवडाभर ज्या बाकांवर अठरा-वीस वर्षांची पोरं बसत, त्याच बाकांवर रविवारी तिशी-चाळिशीतली माणसं अंग चोरून बसत. बसचे कंडक्टर, अंगणवाडीच्या बाया, कोर्टातले कारकून, एक-दोन वॉचमन. वेळापत्रकात तास दहाचा लिहिलेला असे, पण जैनथची बस साडेदहाला यायची, म्हणून तास अकराला सुरू व्हायचा. यावर कधी कुठला ठराव झाला नव्हता. बाईंनी ठरवलं होतं, एवढंच.

बाई आठवडाभर ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवत. मी डिग्री कॉलेजात राज्यशास्त्राचा कंत्राटी लेक्चरर. रविवारी आम्ही दोघं एकाच विषयाची उत्तरं तपासायचो. विद्यार्थी ती घरून लिहून आणत. त्यांना सगळे असाइनमेंट म्हणत. त्यांचे मार्क शेवटच्या निकालात धरले जात, त्यामुळे त्या लांब कागदांना लोक फार जपायचे. कुणी दोऱ्याने शिवून आणी, कुणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून. काही कागदांना हळदीचा वास यायचा.

उत्तरं तेलुगूत किंवा इंग्रजीत लिहायची असत. सीमेवरच्या गावांतली आमची मराठी माणसं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढे बाजारात आणि ऑफिसात तेलुगू उचललेली. ती तेलुगूच लिहायची, पण अक्षरं तेलुगू आणि वाक्याची चाल मराठी. वाचणाऱ्याला दर दोन ओळींनी ठेच लागायची.

बाई बोथ तालुक्याकडच्या. बौद्ध घर, आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीला जायची. घरातली पहिली पदवी बाईंची, आणि तीसुद्धा बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली. वर्गात त्यांचं तेलुगू इतकं सफाईदार असे की नवे विद्यार्थी त्यांना अस्सल तेलुगू मुलखातल्या, करीमनगरकडच्या समजत. स्टाफरूममध्ये आल्या की मात्र पदर खोचून सरळ आमच्या वऱ्हाडी बोलीत. त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. मला वाटायची. हे पुढे येणारच आहे.

एकदा त्यांनी आपल्या परीक्षेची गोष्ट सांगितली होती. बी.ए.च्या एका पेपरात त्या दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा फक्त मार्क आले, बाकी काही नाही. "तिसऱ्या वेळेस म्या तेच उत्तरं लिवले. शब्द न् शब्द तेच. माह्यापाशी दुसरे होतेच कुठं? अन् साठ मार्क!" बाई हसत होत्या, पण हसता हसता चष्मा काढून पुसायला लागल्या. "नापास झाली तवाही काऊन ते समजलं नाही, अन् पास झाली तवाही नाही. दोन वर्सं गेले भाऊ, अन् मले इतिहास येते का नाही हे अजून पक्कं मालूम नाही."

म्हणून मार्क का कापले ते लिहायचं, हा त्यांचा एकच घोष असायचा. "काऊन कमी, ते लिवा." कुणी नवा तपासनीस नुसते मार्क टाकून वही पुढे सरकवी, तेव्हा बाई ती वही परत त्याच्यापुढे सरकवत आणि हेच म्हणत. रागावून नाही, ताटात मीठ वाढायचं राहिलं तर आपण आठवण करून देतो ना, तसं.

मार्क त्या पेनाने लिहायच्या, शेरा पेन्सिलीने. त्याचंही कारण होतं. "पेनानं लिवलं की माणूस निकाल समजते. पेन्सिलीनं लिवलं की आपण त्याच्यासंगं बोलून राह्यलो असं वाटते त्याले."

पण तुम्ही असं समजू नका की बाईंना हे सगळं पहिल्यापासून जमत होतं. लिंगन्ना नावाचा एक बस कंडक्टर आमच्याकडे होता. पंचायत राजवरच्या त्याच्या उत्तराखाली बाईंनी लिहिलं, 'स्पष्ट नाही.' पुढच्या रविवारी लिंगन्ना बारा पानं नवी लिहून घेऊन आला. पट्टीने आखलेला समास, निळ्या स्केचपेनने मथळे, अक्षर तर लग्नपत्रिकेसारखं. पानं टेबलावर ठेवून म्हणाला, "अब साफ दिखता ना मॅडम?"

बाईंनी वाचलं. उत्तर शब्दशः तेच होतं. 'स्पष्ट नाही' म्हणजे अक्षर चांगलं नाही, असं त्या बिचाऱ्याने धरलं होतं आणि आठवडाभर ड्युटी सांभाळून बारा पानं घोटली होती.

मला हसू फुटलं. बाईही आधी हसल्या, मग त्यांनी ती पानं जवळ ओढली. "हसू नका भाऊ. चूक माही हाय." त्यांनी लिंगन्नाला शेजारी बसवलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. ग्रामपंचायतीला काय काय अधिकार आहेत ते तू लिहिलंस, पण ते अधिकार तिला दिले कुणी, हे कुठेच नाही. लिंगन्ना म्हणाला, "बस, इतनाच?" आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून त्याने उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. बरोबर लिहिल्या.

त्या दिवसापासून 'स्पष्ट नाही' हे शब्द बाईंच्या पेन्सिलीतून उतरले नाहीत. पान कितवं, ओळ कितवी, तिथे काय हवं होतं आणि पुढच्या खेपेला काय करायचं, असं लिहायच्या. चांगलं असेल तर तेही तसंच. नुसतं 'छान' नाही. 'तुमच्या गावच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण नेमकं आहे, असंच एक पहिल्या प्रश्नातही द्या.' असा शेरा वाचून माणसं वही पिशवीत ठेवायची, पुन्हा काढायची, पुन्हा वाचायची. मी हे व्हरांड्यात उभा राहून पाहिलेलं आहे.

आता माझी गोष्ट.

माझ्या वाट्याला आलेला एक गठ्ठा मी दोन बैठकांत उरकला होता. वह्या वाटून झाल्या. दुपारी डबे सुटले तेव्हा सुमनबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. सुमनबाई जैनथकडच्या एका गावात अंगणवाडी चालवायच्या, वय अडतीसच्या आसपास. त्यांच्यासोबत तामसीकडचा एक तरुण कारकून होता. दोघांच्या हातात आपापली असाइनमेंट.

"सर, एक विचारू का? रागावू नका," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी वरते 'चांगलं' लिवलं, अन् खाली नऊ मार्क देल्ले. वीसपैकी नऊ. चांगलं हाय तं नऊ काऊन? अन् नऊ हाय तं चांगलं काऊन?"

मी काही बोलायच्या आत कारकून म्हणाला, "अन् मले सर 'ठीक' लिवलं अन् तेरा देल्ले. मीच म्हणलं ताईले, चाला विचारू. आमी दोघं एकाच पुस्तकातून शिकलो. ताईच्या उत्तरात तं माह्यापेक्षा दोन मुद्दे जास्त हायेत."

"बरं, बघतो," म्हणून मी दोन्ही वह्या ठेवून घेतल्या. स्टाफरूममध्ये बाई डबा उघडत होत्या. मी तणतणतच गेलो. "पाहिलंत का बाई? या लोकांना शिकायचं नाही, मार्कांसाठी भांडायचं आहे फक्त."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भांडून नाही राह्यली ते. विचारून राह्यली." आणि हात पुढे केला. "द्या इकडं. अन् बाकीचा गठ्ठाही आणा. सगळ्यांच्या वह्या मांगून घ्या."

त्या दुपारी तास संपल्यावर आम्ही दोघं रिकाम्या वर्गात बसलो. बाईंनी हजेरीच्या एका कोऱ्या तक्त्यामागे चार गोष्टी लिहिल्या. या उत्तरात काय काय यायला हवं, आणि प्रत्येकाला किती मार्क. मला विचारून लिहिल्या. एका बाबतीत मी हट्ट धरला तर माझं ऐकलंही. मग सहा वह्या काढून प्रत्येकीवरचं नाव आणि माझे आधीचे मार्क आत दुमडले आणि टाचणी लावली. सहाही वह्या आम्ही वेगवेगळ्या बसून तपासल्या, आपापल्या कागदावर मार्क लिहिले आणि मग कागद शेजारी शेजारी ठेवले.

चार वह्यांत आमचा फरक एखाद्या मार्काचा होता. दोन वह्यांत मात्र चार-चार मार्कांचा, आणि दोन्हीकडे कमी माझेच. समोर तक्ता ठेवून, नाव न बघता तपासूनही मी कमीच दिले होते.

बाईंनी त्या दोन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. मी पहिल्या पानाच्या चार ओळी वाचल्या आणि मला कळलं. दोन्ही वह्या मराठी चालीच्या तेलुगूत लिहिलेल्या होत्या. मी मुद्दे वाचतच नव्हतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला वाक्य वाकडं लागलं की माझं मन तिथेच विटायचं, आणि मार्क तिथेच ठरायचे. वर 'चांगलं' लिहायचो ते नुसतं वाईट दिसू नये म्हणून.

आणि मग जे मी घरी कधी बोललो नव्हतो ते बाईंना सांगितलं. जैनथकडच्या कापसाच्या शेतातून मी डिग्रीला आलो, तेव्हा पहिल्याच वर्षी एका लेक्चररनी माझं तेलुगू वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. घासून घासून तेलुगू शिकलो. आणि तसं वाक्य आता दुसऱ्याच्या कागदावर दिसलं की अंगावर काटा यायचा.

बाईंनी थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. मग म्हणाल्या, "तुमचं तेलुगू आता चांगलं झालं भाऊ. सुमनबाईचं व्हायचं हाय, होईल. पण प्रश्न तेलुगूचा होता का? प्रश्न तं पंचायतीचा होता ना?"

संपूर्ण गठ्ठा आम्ही पुन्हा तपासला. त्यासाठी पुढचे चार दिवस मी संध्याकाळी बाईंच्या घरी जात होतो. भाषेसाठी मार्क कापायचे नाहीत असं ठरलं. पण प्रत्येक वहीत भाषेची एक, फक्त एकच, दुरुस्ती पेन्सिलीने दाखवायची. "दहा दाखवल्या तं माणूस एकही नाही पाह्यत," बाई म्हणाल्या. ज्यांना मी जादा दिले होते त्यांचे मार्क उतरवायचे का, यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, उतरवायलाच हवेत. बाई म्हणाल्या, "हातात ठेवलेलं काढून नाही घ्यायचं. चूक आपली हाय. पण उत्तर खरं किती मार्काचं होतं अन् काऊन, ते त्यायले लिवून सांगा."

केंद्राचे संयोजक वैतागले. विद्यापीठाला मार्कांची यादी पाठवायची तारीख जवळ आली होती. ते बाईंना तेलुगूत म्हणाले, "मॅडम, एकीला उत्तर दिलंत तर उद्या सगळे दारात उभे राहतील."

"उभे कशाला? बाक आहेत, बसवू," बाई म्हणाल्या, तेलुगूतच. यादी मात्र तारखेच्या आदल्या दिवशी त्यांच्या टेबलावर होती.

रविवारी वर्गासमोर उभं राहून हे सगळं मीच सांगायचं, असं बाईंनी बजावलं होतं. स्वतः त्या मागच्या बाकावर वॉचमनशेजारी जाऊन बसल्या. मी सांगितलं की मी दोन मापांनी मोजलं, त्यातलं एक माप भाषेचं होतं, आणि कोणत्या भाषेचं तेही सांगितलं. मग तो मागचा वॉचमन म्हणाला, "सर, बीस साल की नौकरी में कोई साब को गलती बोलते पहली बार सुना." सगळे हसले. मीही हसलो. पूर्वी एका वर्गाने हसून मला मुका केलं होतं. या हसण्याने घसा मोकळा झाला.

सुमनबाईंचे नवाचे तेरा झाले होते. त्यांनी मार्कांकडे एकदा पाहिलं आणि शेरा वाचायला घेतला. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. वाचून झाल्यावर माझ्याकडे आल्या. "म्हंजे सर, गोष्ट आधी नाही सांगायची. मुद्दा आधी, अन् मंग गोष्ट?"

"हो. एवढंच."

"मंग नऊ राह्यले असते तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "आता समजलं ना."

पुढे त्या बी.ए. झाल्या, अंगणवाड्यांच्या सुपरवायझरही झाल्या. पण मला त्यांचा तो चेहरा आठवतो. मार्क वाढल्याचा आनंद त्यात होताच, मी कशाला नाकारू? पण कळल्याचा आनंद वेगळा दिसत होता.

बाई मवाळ होत्या असं मात्र नाही. तहसील कचेरीतले एक पेशकार आमच्याकडे बी.ए. करत होते. ते एकदा कुणा मोठ्या माणसाची चिठ्ठी घेऊन आले. 'यांचे मार्क वाढवावेत' एवढाच मजकूर. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, समासात पेन्सिलीने 'कारण लिहिलेलं नाही' असा शेरा मारला आणि चिठ्ठी परत केली. मग त्याच पेशकारांना समोर बसवून तासभर त्यांचं उत्तर समजावून दिलं. जाताना ते पिशवी काखोटीला मारून, मान डोलवत गेले. चिठ्ठी टेबलावरच राहिली होती.

काही वर्षांनी बाईंना बढती मिळाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कागजनगरकडे एका ज्युनिअर कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. तिथून रविवारी येणं जमण्यासारखं नव्हतं. निरोपसमारंभ वगैरे त्यांनी होऊ दिला नाही. शेवटच्या रविवारीही गठ्ठा संपवूनच उठल्या. त्यातल्या दोन वह्या माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "या दोन तुमी पाहा. मले या दोघींचं अक्षर वळखू येते. नाव दुमडून काय फायदा?" त्या दोघी कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सुरुवातीला त्यांची पत्रं यायची. मग त्या निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या आणि पत्रं थांबली.

त्या कागजनगरकडे गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडे जैनथकडचा एक पोस्टमन विद्यार्थी म्हणून आला होता. फार कमी बोलणारा. एका रविवारी वह्या वाटून मी स्टाफरूममध्ये येऊन बसलो, तर हा पाठोपाठ दारात उभा.

"सर, तुमी लिवलं का दुसऱ्या प्रश्नात उदाहरण नाही."

"हो. म्हणून दोन कमी केले. लिहिलंय तसं."

"लिवलं म्हणूनच आलो. पान चार पाहा. खालून तिसरी ओळ."

मी पान चार काढलं. खालून तिसऱ्या ओळीत उदाहरण होतं. चांगलं होतं. पान उलटताना माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी अकराचे तेरा केले, सही केली आणि चूक माझी होती असं खाली लिहिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं. "बरोबर हाय आता," म्हणाला, जणू माझीच वही तपासून देत होता, आणि कागदाची नीट घडी करून सायकलकडे निघून गेला.

मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खुर्चीकडे वळून बोलूनही गेलो, "बाई, पाहिलंत का..."

त्या खुर्चीत नवी आलेली तेलुगू लेक्चरर बसली होती. पोरसवदा, पहिलाच महिना. तिने वहीतून डोकं वर काढून तेलुगूत विचारलं. "काही म्हणालात का सर?"

"नाही," मी म्हणालो. मग थोड्या वेळाने खुर्ची तिच्याकडे ओढली, आणि त्या पोस्टमनने माझी चूक कशी काढली ते तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.